पिवळीच राहिलेली पट्टी

१० जून

प्रिय मावशी,

सोबतचं खोकं उघडताना नाक मुरडू नकोस. त्यात चाचणीच्या कागदी पट्ट्या आहेत, रिकाम्या बाटल्या आहेत आणि एक माहितीपत्रक आहे. पट्ट्या आमच्याच हातच्या. आई सगळ्यांना सांगते की मी कागदाला रंग लावायची नोकरी करते, आणि ते फारसं चुकीचं नाही. छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही मुली गाळणीचा कागद रंगद्रव्यात बुडवतो, दोरीवर चिमटे लावून वाळत घालतो आणि खालच्या बाइंडरच्या मशीनवर कापून आणतो.

पट्टी लघवीत बुडवायची. पिवळी राहिली तर ठीक. हिरवी झाली तर लघवीतून प्रथिनं जाताहेत. गरोदर बाईच्या बाबतीत हा धोक्याचा इशारा असू शकतो. रक्तदाब चढतो, झटके येतात, आई आणि बाळ दोघंही हातची जातात. आधी कळलं तर बहुतेक वेळा दोघंही वाचतात. हे सांगणारं यंत्र मोठ्या रुग्णालयात आहे, पण गावातली बाई तिथे पोचते ती झटके आल्यावरच. आमची पट्टी कपभर चहापेक्षा स्वस्त आहे आणि तिला वीज लागत नाही.

सध्या काही गावांच्या उपकेंद्रांत ती वापरून बघतोय. नोव्हेंबरात समिती बसेल. आमचे निकाल रुग्णालयाच्या यंत्राशी जुळले तर पट्टी सगळ्या उपकेंद्रांत जाईल. नाही जुळले तर काम बंद, आणि त्या बायका होत्या तिथेच.

तू जन्मभर अन्नभेसळ निरीक्षक होतीस. तुला पाहिलं की दूधवाले गल्ली बदलायचे. म्हणून तुझ्या इमारतीतल्या मैत्रिणींवर ही चाचणी करून बघ, आणि पत्रकात कुठे अडतं ते कळव. खरं तेच सांग. (हे तुला सांगायची गरज नाही, माहीत आहे.)

तुझी,
भिंगरी


१८ जून

प्रिय भिंगरी,

पत्रक कोणी लिहिलं? ज्याने लिहिलं त्याला आधी तुमच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घाला. ‘लाभार्थीने प्रातःकालीन मूत्रनमुना पात्रात संकलित करावा.’ ही बाई लाभार्थी कधी झाली? तिला दिवस गेलेत, लॉटरी लागलेली नाही. ‘सकाळची पहिली लघवी ह्या बाटलीत धरा,’ एवढंच लिही. कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टर जन्मात लग्न न करता हे आमच्यापेक्षा स्पष्ट बोलायच्या.

चाचणी केली. रविवारी सकाळी इमारतीच्या सभागृहात सगळ्या जणींना बोलावलं. टेबलावर पांढरा कागद अंथरला, प्रत्येक बाटलीवर खोली क्रमांक चिकटवला आणि बाटल्या दिव्याखाली रांगेत मांडल्या. काम कसं करायचं ते मला अजून येतं. दातांची डॉक्टरीण होती, गाण्याच्या शिकवण्या घेणारी होती, आणि सेक्रेटरीची बायको होती. ही बाई ‘मला काही होत नाही’ म्हणत आजारांची अख्खी यादी ऐकवते. सगळ्यांच्या पट्ट्या पिवळ्या. माझी तर लिंबासारखी. सेक्रेटरीणबाईंची घोर निराशा झाली. ‘नीट बुडवलीत ना?’ म्हणून त्यांनी तीनदा विचारलं.

पट्टी चांगली आहे. पत्रक बदल.

तुझी,
मावशी


९ जुलै

प्रिय मावशी,

पत्रक बदललं. पण बातमी वाईट आहे.

गावाकडून दोन बायकांना रुग्णालयात न्यावं लागलं. दोघींचाही रक्तदाब चढलेला. एकीला वाटेतच झटका आला. ती वाचली, तिचं बाळ नाही वाचलं. मावशी, दोघींची पट्टी आमच्या उपकेंद्रात थोडे दिवस आधी पिवळी निघाली होती. रुग्णालयात त्याच डब्यातली पट्टी पुन्हा वापरली, तर गर्द हिरवी.

आम्ही उपकेंद्रात राहिलेले नमुने मागवून मोजले. एकजात पातळ. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, “अगं, ह्यात नळच सोडलाय की!” पाणी घातलं की प्रथिनं विरळ होतात आणि पट्टी पिवळीच राहते. बायका पाणी घालताहेत, एवढं नक्की. का, ते कोणी सांगत नाही. विचारलं की सगळ्या एकच म्हणतात, “छे, मी कशाला घालू?”

पट्टीत खोट नाही. पण समितीसमोर हे कोण मानणार? त्यांच्यापुढे एवढंच असेल की आम्ही ‘ठीक’ म्हटलं आणि बाळ गेलं. मला झोपच लागत नाही.

भिंगरी


१५ जुलै

प्रिय भिंगरी,

पाणी! वाचलं आणि चष्मा काढून पुसला. ज्याच्या मागे मी नोकरीभर धावले तो गुन्हा आता गरोदर बायका करायला लागल्या! ‘मी कशाला घालू?’ हे वाक्य मला पाठ आहे. एकाच्या कॅनमध्ये शेवाळ निघालं, तरी तो छातीवर हात ठेवून म्हणाला, “बाई, गाईने हिरवा चारा खाल्लाय.”

रडत बसू नकोस. दुधाला जी युक्ती लागू होते ती इथेही होईल. दुधात लॅक्टोमीटर सोडतात आणि तो किती बुडतो त्यावरून पाणी कळतं. तसाच एक मणी तयार करा. सरळ लघवीत तो तरंगायला हवा, पाणी घातलेल्यात तळाला जायला हवा. बाटलीत मणी टाकायचा, बुडाला की बाई पकडली. तिथल्या तिथे पुन्हा नमुना घ्यायचा. दयामाया नको. एक बाळ गेलंय.

आणि जेवत जा.

मावशी


१९ ऑगस्ट

प्रिय मावशी,

मणी जमला. प्लास्टिकच्या पोकळ मण्यात मेण भरून आम्ही त्याचं वजन बरोबर साधलं. मणी अगदी खरं बोलतो. आणि त्यानेच आमचा घात केला.

पहिल्याच दिवशी मण्यामागून मणी तळाला. नर्सबाईंनी बाटली उजेडात धरून तिथल्या तिथे सुनावलं, “पुन्हा पाणी? डॉक्टरांना फसवतेस की स्वतःला?” बाकावर बसलेल्या साऱ्या जणींनी ऐकलं. एक तर तोंड झाकून तशीच निघून गेली. पुढच्या आठवड्यात बाक अर्धं रिकामं. आता नर्सबाई दिवसभर स्वेटर विणतात. आधी निदान पातळ नमुना तरी मिळायचा. आता बाईच येत नाही.

त्यात समितीतल्या एका सभासदांनी आमच्या पहिल्या निकालांवर शेरा मारलाय: ‘अडाणी बायकांच्या हाती चाचणी देण्यात अर्थ नाही.’ अध्यक्ष कोण आहेत ठाऊक आहे? तुमच्या खात्याच्या प्रयोगशाळेचे जुने प्रमुख. पटकन तापतात म्हणून तू ज्यांना थर्मामीटर म्हणायचीस, तेच.

भिंगरी


२ सप्टेंबर

भिंगरी,

तुझी पट्टी खोटारडी आहे.

गेले दोन-तीन महिने माझे पाय सुजताहेत. चपलेत पाऊल जाईना, तेव्हा डॉक्टरकडे गेले. हा नवा डॉक्टर दिसतो शाळेतल्या पोरासारखा आणि मला ‘आजी’ म्हणतो. मी म्हटलं, “आजी तुझ्या घरी असेल, इथे मी पेशंट आहे.” त्याने रक्त घेतलं, लघवी तपासली. लघवीतून प्रथिनं जाताहेत, किडनीवर परिणाम झालाय. कधीपासून, म्हणून विचारलं, तर म्हणे निदान वर्षभर असणार. म्हणजे जूनमध्येही होतंच. आणि जूनमध्ये तुझी पट्टी लिंबासारखी पिवळी!

तुझ्यावर विसंबून मी पायाखाली उशी घेऊन महिने काढले. तिकडे त्या बिचाऱ्या बायकांना आपण मणी टाकून पकडत बसलो आणि खोट तुमच्या रंगात! माझ्या नोकरीत अशा मालावर मी सील ठोकलं असतं. लेखी खुलासा पाठव.

मावशी


६ सप्टेंबर

प्रिय मावशी,

आधी हे सांग, गोळ्या सुरू केल्यास ना? तो शाळेतला पोरगा सांगेल ते सगळं कर. मी शनिवारी फोन करेन आणि तू उचलशील.

आता खुलासा. प्रत्येक गड्डीतल्या काही पट्ट्या आम्ही राखून ठेवतो. तुझ्या खोक्यातल्या गड्डीच्या पट्ट्या मी काल तपासल्या. चोख आहेत.

म्हणून एकच विचारते. तू समोर असतीस तर विचारायची माझी हिंमत झाली नसती. राग मानू नकोस.

जूनमध्ये बाटलीत तू पाणी घातलं होतंस का?

भिंगरी


२८ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

फोन उचलला नाही. गोळ्या घेतेय, मीठ बंद आहे, तब्येतीची काळजी नको. पत्र लिहायला बसायचे आणि उठायचे. शेवटी आज ठरवलं की एक वाक्य लिहायचं आणि मग बाकीचं.

घातलं होतं.

त्या रविवारी सकाळी तुझी ती काचेसारखी लख्ख बाटली भरली आणि उजेडात बघितली. कोऱ्या चहासारखा गडद रंग. माझ्याच हाताने मी टेबलावर पांढरा कागद अंथरून ठेवला होता. तिथे, दिव्याखाली, खोली क्रमांकासकट, सेक्रेटरीणबाईंच्या शेजारी ती बाटली ठेवायची? हात आपोआप नळाकडे गेला. मी ठरवून काही केलं नाही. बाहेर पडताना केसांवरून कंगवा फिरवावा, तसं केलं. थोडं पाणी, मग आणखी थोडं. रंग छान दिसायला लागला. आणि तुला सांगते, नंतर मला ते आठवलंही नाही. दूधवाल्यांनाही आठवत नसेल का, असा विचार गेले तीन आठवडे करतेय. त्यांना आठवत होतं. ते पैशासाठी घालायचे. मी अब्रूसाठी घातलं.

मग मी चौकशी केली. चौकशी मला येते. दातांच्या डॉक्टरीणबाईंना जिन्यात गाठलं. त्या आधी लाल झाल्या, मग म्हणाल्या, “चमचाभरच घातलं हो.” गाणंवाल्या म्हणाल्या, “तुम्ही नव्हतं घातलं?” सेक्रेटरीणबाईंनी तर नमुना दुसऱ्यांदा धरला होता, भरपूर पाणी पिऊन, म्हणजे रंग मुळातूनच चांगला! शिकलेल्या, पेन्शन खाणाऱ्या, पुस्तकं वाचणाऱ्या बायकांची अख्खी रांग भेसळीची होती आणि निरीक्षक त्यांच्या पुढे उभी होती.

आता नीट ऐक. त्या पोरगेल्या डॉक्टरकडे मी पाणी का घातलं नाही? तिथेही नळ होता. पण संडासाच्या भिंतीत एक छोटं दार आहे. बाटली आत ठेवायची, पलीकडून कोणीतरी घेतं. कोणाला तोंड दाखवावं लागत नाही, कोणाची बाटली कोणाशेजारी येत नाही. मला पाण्याची आठवणच झाली नाही.

तुझ्या गावातली बाई ती पारदर्शक बाटली हातात घेऊन घरातून निघते. सासऱ्यासमोरून, दुकानासमोरून, बाकावरच्या सगळ्यांसमोरून. तिथे पोचल्यावर ती टेबलावर रांगेत ठेवते. ती पाणी घालणार नाही तर काय करील? आणि वर आपण मणी टाकला. ती माझी सूचना होती, आणि ती गाढवपणाची होती.

मणी फेकून दे. बाटल्या बदल. आतलं काही दिसणार नाही अशा घे, गोळ्यांच्या पांढऱ्या डब्या असतात तशा. पट्टी आत बुडवून बाहेर काढायची असते, मग आत डोकावायचं कशाला? आणि टेबल हटव.

मावशी


१३ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी खोलीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं (तुझी परवानगी न घेता). आधी हशा पिकला. मग आमच्यातल्या तिघींनी कबूल केलं की स्वतःच्या पट्ट्या तपासताना त्यांनीही घातलं होतं. मावशी, बाटली आम्हीच निवडली होती. प्रयोगशाळेत काचेतून बघायची सवय, म्हणून.

पांढऱ्या डब्या आणल्या. उपकेंद्राच्या न्हाणीच्या भिंतीत सुताराने छोटं दार बसवून दिलं. नर्सबाई घरोघर गेल्या आणि त्यांच्या भाषेत समजूत काढली, “माझं तोंड मोठं आहे, पण आता डबी बंद आहे. मला काही दिसणार नाही, तर ओरडू कशाला?” बायका परत येताहेत. आणि नमुने सरळ आहेत.

गेल्या मंगळवारी पहिली हिरवी पट्टी निघाली. शिवणकाम करणारी बाई, दुसरं बाळंतपण. जुलैत हिचीच पट्टी पिवळी होती. ती म्हणाली, “मला तर काहीच होत नाही.” नर्सबाईंनी ऐकून घेतलं नाही, त्याच दुपारी गाडीत घातलं. रक्तदाब वर गेलेला. रुग्णालयात मुलगी झाली, किरकोळ आहे पण भोकाड असं पसरते की म्हणे वॉर्ड जागा राहतो.

पण समितीकडे जे कागद गेलेत ते जुलैचे आहेत. पाच नोव्हेंबरला बैठक आहे. ते सभासद म्हणणार की अडाणी बायकांनी घोटाळा केला, उद्या डबीतही करतील. मी कितीही सांगितलं तरी त्यांना ती सबबच वाटेल. तुझी हकीकत सांगू का? नाव घेणार नाही. पण थर्मामीटर ओळखतील. नको म्हणालीस तर विषय संपला.

भिंगरी


२२ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

नाव न घेता? मुळीच नाही. निनावी तक्रारी मी कायम टोपलीत टाकल्या. थर्मामीटर मला ओळखेल म्हणून तर उपयोग. चार दिवस वाईट वाटून घेतलं, आता झालं. सोबतचा कागद बैठकीत वाचून दाखव. अडखळू नकोस आणि हसू नकोस.

मावशी

*माननीय समितीस,*

*मी निवृत्त अन्नभेसळ निरीक्षक आहे. पाणी घातलेलं ओळखणं हे माझं काम होतं आणि ते मी चांगलं केलं, हे आपले अध्यक्ष सांगतील, त्यांना सांगायला आवडलं नाही तरी.*

*जून महिन्यात मी स्वतः ह्या चाचणीच्या नमुन्यात पाणी घातलं. माझ्या आजाराचं निदान त्यामुळे लांबलं. मला वाचता येतं, पत्रक मी वाचलं होतं आणि त्यातल्या चुकाही काढल्या होत्या. तरी घातलं, कारण बाटली पारदर्शक होती आणि ती चारचौघींत ठेवायची होती.*

*गावातल्या बायकांना अडाणी म्हणण्याआधी ह्या यादीत माझं नाव सर्वांत वर लिहावं. माझ्या खाली एक दातांच्या डॉक्टर येतात. अडाणीपणाने पाणी पडत नाही. लाजेने पडतं, आणि लाजेला औषध नाही, पण झाकण आहे. ते ह्या मुलींनी लावलं आहे. त्यानंतरचे निकाल मागवून पाहावेत आणि मग काय बोलायचं ते बोलावं.*


७ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

अडखळले. हसले नाही.

वाचून झाल्यावर ते शेरावाले सभासद म्हणाले, “ह्या बाई अपवाद असतील. वय झालं की होतं असं.” थर्मामीटर तापले, पण त्यांच्यावर. म्हणाले, “ह्या बाईंनी माझ्या प्रयोगशाळेचे अहवाल परत पाठवले होते. मी भांडलो होतो. दर वेळी त्यांचंच बरोबर निघालं. त्या पाणी घालतात तर तुम्हीही घालाल, मीही घालेन.” आणि कोपऱ्यातून समितीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मी घातलंय. माझ्या पहिल्या बाळाच्या वेळी, माझ्याच रुग्णालयात. शिपाई माझी बाटली ट्रेमध्ये घेऊन जाणार होता.”

नंतरचे निकाल मागवले. यंत्राशी जुळले. पट्टी सगळ्या उपकेंद्रांत जाणार, मावशी! ठरावात लिहिलंय की बंद डबी आणि भिंतीतलं दार हा चाचणीचाच भाग समजावा. झटका आलेली ती बाई आठवते ना, जिचं बाळ गेलं? तिला आम्ही कळवलं. ती म्हणाली, “डबी आधी का नाही दिलीत?” मी तिच्याजवळ बसून राहिले.

एकच कटकट उरली आहे. बैठक संपताच खरेदी विभागाचे साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “गोदामात पारदर्शक बाटल्या पडून आहेत. आधी त्या संपवू, डब्यांचं पुढच्या वर्षी बघू.” मी ठराव दाखवला. ते हसले आणि म्हणाले, “ठराव काय हो, ठराव होतच असतात.”

तुझी,
भिंगरी


१२ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

त्या बाईने बरोबर विचारलं. तिच्याकडे जात राहा.

खरेदीवाल्या साहेबांचं माझ्याकडे बघू. त्यांच्या हसण्याची जात मला ओळखीची आहे. डॉक्टरने प्रवासाला हो म्हटलंय, म्हणजे मी त्याला तसं म्हणायला लावलंय. सोमवारी सकाळच्या गाडीने येतेय. साहेबांना निरोप दे की त्यांच्या गोदामातली एक पारदर्शक बाटली टेबलावर तयार ठेवावी. मी आले की त्यांनी ती भरून आणायची आहे आणि सगळ्या ऑफिससमोरून चालत माझ्यापर्यंत यायचं आहे. जमलं तर खुशाल संपवा म्हणावं तुमच्या बाटल्या.

आणि त्या मजल्यावरचा नळ सकाळपासून बंद करून ठेव.

तुझी,
मावशी